चमचाभर सोडा

गॉर्ट, ११ मार्च

प्रिय ऑर्ला,

फोनवर मी काय बोलतो ते तुला पाठ झालं असेल. हवा, गाई, शेजारच्या फेस्टीची कंबर, आणि मग "बरं, ठेवतो." गेले सात महिने दर रविवारी फोन लावला आणि दर रविवारी हवेवर बोलून ठेवला. मागच्या रविवारी तू सांगितलंस की आपल्या लहानग्या साइव्हची मूत्रपिंडं आता निम्म्याहून कमी काम करतात, डॉक्टर म्हणाले मोठी होईल तसं पाहू, आणि मग तू अगदी हळू म्हणालीस, "माझ्याच हातनं झालं ना रे, मॅलकी, आता कुणाला सांगू." मी म्हणालो, "असं बोलू नये." बस, एवढंच. फोन ठेवला आणि अर्धा तास तिथेच जिन्यावर बसून राहिलो. तुला जे ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतं ते आज सांगायला बसलो आहे. तोंडानं जमत नाही म्हणून हातानं. माझ्या सवयीप्रमाणे सुरुवात बिअरपासून होणार आहे, त्याला इलाज नाही, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

नाताळात मी रिकाम्या हातानं आलो तेव्हा तुझ्या नवऱ्यानं, एंडानं, दारातच विचारलं होतं, "काय हो, या वर्षी घरची काळी बिअर आणली नाहीत? दुष्काळ पडला की काय?" मी म्हणालो, पातेलं गळतंय. पातेलं ठणठणीत आहे. ऑगस्टपासून मी त्याला हात लावलेला नाही. बाबांचं ते मोठं पातेलं, लाकडी ढवळणं, बाटल्या, सगळं मागच्या खोलीत चादरीखाली पडून आहे. चादर काढायची माझी हिंमत होत नाही.

बाबा काय म्हणायचे तुला आठवतं का? तू सात-आठ वर्षांची असशील. "आपलं पाणी कडक डोक्याचं, काळी बार्ली आंबट तोंडाची. दोघांना एका पातेल्यात घातलं की दोघंही शहाणी होतात." आपल्या खालची जमीन सगळी चुनखडीची, विहिरीचं पाणी इतकं जड की किटलीत महिन्यात अंड्याच्या टरफलासारखा पांढरा थर. असल्या पाण्यात फिकी बिअर करायला जावं तर घशात खरवडते. पण करपवून भाजलेली काळी बार्ली मुळात आंबट. ती गरम पाण्यात भिजत घातली की तिचा आंबटपणा आणि पाण्यातला चुना एकमेकांना मारतात, आणि लापशी बरोब्बर हवी तिथे येऊन थांबते. बाबा चाखून सांगायचे. मी मास्तर माणूस, मी पीएच मोजायचं यंत्र आणलं. लापशीतला चमचाभर रस बशीत काढायचा, थंड होऊ द्यायचा, मग यंत्राचं काचेचं टोक त्यात बुडवायचं. वीस वर्षं माझ्या वहीत एकच आकडा आहे, साडेपाच. कधी थोडा वर, कधी थोडा खाली. सोडा नाही, आम्ल नाही, काही घालावं लागलं नाही. आमच्या बिअर करणाऱ्यांच्या क्लबातले बाकीचे चिमट्याचिमट्यानं भुकट्या घालत बसायचे आणि मी हाताची घडी घालून बघायचो. हा गर्व तुला माहीत आहे, तू त्यावरून मला कमी छळलेलं नाहीस.

मागच्या मे महिन्यात आकडा आला पाच पॉइंट एक, म्हणजे लापशी नको तितकी आंबट. मला वाटलं यंत्र बिघडलं. तपासायच्या द्रावणात बुडवून पाहिलं, यंत्र ठीक. बार्ली त्याच दुकानातली, त्याच वजनाची. मी दुर्लक्ष केलं, तशीच बिअर केली. ती पातळ आणि आंबट झाली, चूल चाटल्यासारखी. फेस्टीनं एक घोट घेतला आणि ग्लास खिडकीत ठेवून म्हणाला, "मॅलकी, ही बिअर आहे की कबुलीजबाबानंतरचं प्रायश्चित्त?" मी चिडलो. वीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. जूनमध्ये पुन्हा लापशी घातली, पुन्हा पाच पॉइंट एक. या वेळी मी काय करायचं ते पुस्तकात वाचून ठेवलं होतं. एक चमचा आणि वर चिमूटभर खायचा सोडा पातेल्यात टाकला, ढवळला, दहा मिनिटं थांबलो. पाच पॉइंट चार. ऑर्ला, मला इतका आनंद झाला की मी एकटाच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. ती बिअर आजवरची सगळ्यात चांगली झाली. मऊ, गोलाईची, शेवटी कॉफीसारखा कडवटपणा. जुलैच्या जत्रेत तिला पहिलं बक्षीस मिळालं, त्याचा फोटो मी तुम्हाला पाठवला होता. त्या निळ्या फितीसह माझा तो दात काढलेला फोटो.

त्याच जत्रेत फेस्टीनं मला विचारलं होतं. तो शिकलेला नाही, पण गाई पाळून पाणी कळतं माणसाला. म्हणाला, "सोडा घातलास, बरं केलंस. पण पाणी का बदललं रे? वीस वर्षं सरळ चाललेली बाई एकदम लंगडायला लागली तर तू तिला काठी आणून देशील, का पाय बघशील?" मी त्याला काय उत्तर दिलं माहीत आहे? "तुला बक्षीस मिळालं नाही म्हणून जळतोयस." सगळे हसले, तोही हसला. मी विषय तिथेच सोडून दिला.

आता काय झालं होतं ते सांगतो. मागचा हिवाळा किती ओला गेला तुला माहीत आहे, रस्ता तीन आठवडे पाण्याखाली होता. डोंगरावरून खाली येणारा आपला ओढा, तो दलदलीच्या मातीतून येतो, चहाच्या रंगाचा, आणि एकदम हलका, त्यात चुना औषधालासुद्धा नाही. तो पूर्वी खालच्या शेतातून पुढे जायचा. एप्रिलमध्ये शेताच्या कोपऱ्यात जमीन खचली, गाडीच्या चाकाएवढं भोक पडलं आणि ओढा त्यात नाहीसा झाला. इथे असं होतंच, जमीन पोकळ आहे, पाणी एका ठिकाणी बुडतं आणि कुठेतरी दुसरीकडे निघतं. मी तर खूश झालो की खालचं शेत कोरडं झालं, आता गाई चरायला सोडता येतील. सोडल्याही. ते पाणी माझ्याच विहिरीत निघत होतं. चुन्याच्या खडकातून झिरपून गाळलेलं पाणी मागे पडलं आणि डोंगरावरचं, शेतावरचं, गाईंच्या पायाखालचं पाणी आत आलं, न गाळलेलं. माझ्या यंत्रानं मला ते दोन वेळा सांगितलं. त्या आकड्याचा अर्थ "तुझी विहीर आता तुझी राहिलेली नाही" असा होता, आणि मी त्यात सोडा टाकून तो आकडा गप्प केला. पाण्याचा रंगही बदलला असणार. काळ्या बिअरमध्ये तो कुणाला दिसणार? फिकी करत असतो तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

ऑगस्टच्या सुट्टीला तुम्ही तिघं आलात तेव्हा तू स्वतः किटली उचलून म्हणाली होतीस, "अगंबाई, ही आतून चकाचक? बाईबीई ठेवलीस की काय घरात?" मी म्हणालो, व्हिनेगरनं घासली. मी घासली नव्हती. ती आपली आपण स्वच्छ राहत होती आणि मला ते तेवढ्यावरूनही सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं, एक क्षण, आणि मी ते ढकलून दिलं, कारण पातेलं तापत होतं.

त्या शनिवारी काय काय झालं ते मी इतक्या वेळा मनात फिरवलं आहे की आता मला त्याची मिनिटं पाठ आहेत. तू अंगणात शेगडीवर बर्गर भाजत होतीस, एंडा ढगांना शिव्या देत होता, साइव्ह माझ्याबरोबर मागच्या खोलीत होती. तिनं यंत्र हातात धरलं, बशीतल्या रसात बुडवलं, आणि आकडा वाचून दाखवला. "पाच, टिंब, एक, मामा!" मी म्हणालो, शाब्बास, आता बघ मामाची जादू, आणि तिच्या हातानं सोडा टाकायला लावला. खोलीत वाफ होती, तिचे गाल लाल झाले होते. ती म्हणाली, तहान लागली. मी नळ सोडला, ग्लास भरला आणि तिला दिला. एक प्यायली, दुसरा मागितला, तोही दिला. दोन दिवसांत ती किती ग्लास प्यायली देव जाणे, पोरीला ते पाणी आवडलं होतं. म्हणायची, घरच्यापेक्षा गोड आहे.

आपण बाकीचे काय प्यायलो, ऑर्ला? चहा, तो उकळलेला. बिअर, ती तासभर उकळलेली. मी तर आठवून आठवून थकलो, मी स्वतः त्या नळाचं कच्चं पाणी शेवटचं कधी प्यायलो ते आठवत नाही. त्या घरात कच्चं पाणी प्यायलेली एकच व्यक्ती होती. बर्गर आपण चौघांनी खाल्ले. तू तिला दिलेला अर्धा बर्गर आत जरा गुलाबी होता, हे तू दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलंस, कारण तू आई आहेस आणि तू आधी स्वतःकडे बोट दाखवणारी. माझ्याही बर्गरचा मधला भाग गुलाबी होता. मला काही झालं नाही.

गुरुवारी तुझा फोन आला, रक्ताचे जुलाब, अँब्युलन्सनं डब्लिनला नेतायत. शनिवारी एंडाचा, डायलिसिस लावलं. कुठला जंतू ते त्यानं नाव वाचून सांगितलं, म्हणाला हा गाईंच्या शेणातून येतो, मांसातून येतो, नाहीतर विहिरीच्या पाण्यातून. मी फोन ठेवला, वही उघडली, मे, जून, ऑगस्ट, तीन आकडे एकाखाली एक बघितले आणि मला सगळं कळलं. दुपारचे दोन वाजले होते, रेडिओवर सामना चालू होता. मी शेडमधून ब्लीचचे दोन डबे आणले, विहिरीचं झाकण काढलं आणि ओतले. दोन दिवस सगळे नळ सोडून ठेवले, वास जाईपर्यंत. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की पाणी सुरक्षित करतोय, आणखी कुणाला बाधू नये. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला भीती वाटली. मी माझ्या चौदाव्या वर्षापासून तुला कडेवर वागवलं, आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, आणि तुझ्या पोरीला मी स्वतःच्या हातानं विष पाजलं हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मंगळवारी आरोग्य खात्याच्या बाई आल्या. तरुण, नीटनेटक्या, बाटलीवर चिठ्ठी लावून घेऊन आलेल्या. नळाचं पाणी घेतलं, हुंगलं, आणि विचारलं, "इतक्यात पाण्यात काही टाकलं होतंत का? ब्लीच, औषध, काही?" मी म्हणालो, "नाही." तेवढा एक शब्द. नमुना अर्थातच स्वच्छ निघाला. उरलेला खिमा तपासायला नव्हता, कुत्र्यानं खाल्ला होता. मग त्यांच्याकडे तुझा गुलाबी बर्गर तेवढा उरला, आणि कागदावर तोच गेला.

त्यानंतर तू काय काय भोगलंस ते मी बघत होतो. तीन आठवडे काचेमागे पोरगी आणि दाराशी तू. घरी आल्यावर तुझ्या सासूबाई राहायला आल्या, "चार दिवस", ते सहा महिने झाले. वाईट बाई नाही ती, नातीवर जीव आहे तिचा, पण जिभेला हाड नाही. नाताळात सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमच्या घरात चाळीस वर्षं मांस शिजलं, कुणाचं पोट दुखलं नाही हो. आम्ही आपले अडाणी, करपेस्तोवर शिजवायचो." तू मान खाली घालून बटाटे सोलत राहिलीस. एंडा भिंतीकडे बघत होता. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, ऑर्ला, आणि मी त्यांना रस्सा वाढला. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नाही, आणि तरीही मी बोललो नाही. आज बोलू, साइव्हचा पुढचा रिपोर्ट चांगला आला की बोलू, असं म्हणत राहिलो. रिपोर्ट चांगला आला असता तर मी कधीच बोललो नसतो, हेही तुला सांगून टाकतो.

तीन आठवड्यांपूर्वी मी आरोग्य खात्याच्या त्या बाईंना पुन्हा बोलावलं. ब्लीचचं सांगितलं, 'नाही' म्हणालो होतो तेही, आणि वही पुढे केली. त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग विचारलं, "तुमच्या बहिणीला हे माहीत आहे?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग मी कागद करते तोवर तुम्ही ते काम करा. ते माझं नाही." पाऊस पडून गेल्यावर त्यांनी नवा नमुना नेला. परवा निकाल आला. तोच जंतू आहे, साइव्हच्या तपासणीच्या कागदावर जो आहे अगदी तोच. त्याची प्रत या पाकिटात आहे, वहीची ती तीन पानंही आहेत. विहीर मी बंद करून घेतली, वर सिमेंट ओतलं. गावच्या योजनेचं पाणी पुढच्या महिन्यात येईल, तोवर बाटल्या आणतो. माझ्यावर पुढे काय कारवाई करायची ते ते बघतील, तू त्यात पडू नकोस. डब्लिनच्या डॉक्टरांनाही मी स्वतः पत्र लिहिलं आहे. पोरीला पुढे कधी मूत्रपिंड लागलंच तर आधी माझं तपासा, असं त्यात आहे. हे भरपाई म्हणून सांगत नाही. भरपाई होत नाही याची, एवढी अक्कल मला आहे.

त्या बाईंना बोलवायला मला सहा महिने लागले आणि मग एका दुपारीत का जमलं, ते सांगून थांबतो. गेल्या महिन्यात साइव्हच्या पाचव्या वाढदिवसाला मी आलो होतो तेव्हाची गोष्ट. तू तिच्यासाठी बटाट्याचे लहान लहान पॅनकेक करून आणलेस, तिच्या आवडीचे, गोल. बशी तिच्यासमोर ठेवून तू गॅसकडे वळलीस आणि तिनं बशी हळूच माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, खा की, बाळा. ती माझ्या कानाशी येऊन, तुला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू म्हणाली, "मामा, तूच खा. मी आजीच्या हातचं खाते. मम्माच्या हातचं खाल्लं की मी आजारी पडते." तू पाठमोरी होतीस. मला वाटलं होतं तू ऐकलं नसशील, पण तुझे खांदे मी बघितले. ऑर्ला, मला माफ कर असं मी इथे लिहीत नाही, ते तुझ्यावर लादल्यासारखं होईल. मी हे लिहिलं ते तू आज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर मोठ्यानं वाचावंस म्हणून, सासूबाई समोर असताना, एंडा समोर असताना, एकही ओळ न गाळता. आणि वाचून झालं की साइव्हला जवळ घे आणि तिला कळेल असं सांग, की मामानं तुला वाईट पाणी दिलं होतं, मामाला ते नंतर कळलं तरी तो खोटं बोलला, आणि मम्माच्या हातचं खाऊन तू कधीही आजारी पडली नव्हतीस.

तू नको म्हणशील तोवर तुझाच,
मॅलकी